टाकीत ताक ओतून बुळबुळीत थर जात नाही

‘पाण्याच्या टाकीत वाटीभर ताक ओता, चांगले जिवाणू वाइटांना संपवतात,’ हा सल्ला गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर अनेकदा ऐकू येतो. त्यात अर्धंच खरं आहे.

दह्या-ताकात आढळणाऱ्या लॅक्टोबॅसिलस गटातले काही जिवाणू साबणासारखं काम करणारे पदार्थ तयार करतात. स्वच्छ पृष्ठभागावर हे पदार्थ आधीच लावले, तर हानिकारक जिवाणूंना चिकटायला पकड मिळणं अवघड होतं. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधातल्या जिवाणूपासून मिळणारं नायसिन हे जंतू मारणारं प्रथिन चीजमध्ये वापरतात, पण शुद्ध करून, मोजून. शिवाय ई. कोलाय, स्यूडोमोनास अशा जिवाणूंचं बाहेरचं आवरण नायसिनला अडवतं, आणि ओल्या टाकीत स्यूडोमोनास हमखास सापडणारा! जिवाणूंचा बुळबुळीत थर एकदा जमला की त्याच्या चिकट पदार्थात जंतुनाशक सहजासहजी खोलवर पोचत नाही. ताकातली साखर आणि प्रथिनं उलट त्या थराचं खाद्य होतात, नळाच्या पाण्यातला क्लोरीनही त्यांच्यावरच खर्ची पडतो.

म्हणून आधी टाकी रिकामी करून ब्रशने घासा; कोपरे आणि झाकणाची आतली बाजू विसरू नका. न घासता क्लोरीन घातला तर तो वरच्या थरातच संपतो. मग 1000 लिटर पाण्याला 25 टक्के क्लोरीनची 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी टाकीत घाला. 12 ते 24 तास ठेवून सगळं पाणी सोडून द्या, पुन्हा धुवा. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर क्लोरीन उडालेला असतो. आणि त्यात व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.