मालवाहतुकीच्या साधनाची निवड (नागपूर)

माल ट्रकने, रेल्वेने की विमानाने पाठवायचा, हे कंपन्या कसे ठरवतात त्याची ही नोंद. नागपुरात राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 मिळतात, मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई लोहमार्गही इथेच छेदतात. त्यामुळे बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधल्या कारखान्यांना साधन निवडायला खरोखर वाव आहे.

नुसता टनामागचा दर पाहिला की हिशेब चुकतो. रेल्वेच्या भाड्यात कारखान्यापासून मालधक्क्यापर्यंतची गाडी, दोन्ही टोकांची हमाली आणि तिथून पुढचा ट्रक धरलेला नसतो. वाटेत अडकलेल्या पैशाचे व्याजही मोजावे लागते. 1 कोटीच्या मालावर वर्षाला 12 टक्के धरले तर दिवसाला सुमारे 3,290 रुपये होतात. रेल्वेने सहा दिवस जास्त लागणार असतील तर जवळपास 20,000 रुपये तिथेच गेले. हे सगळे वजा करूनही बचत उरली तरच रेल्वे परवडते.

कोळशाबाबत हा प्रश्न फारसा पडत नाही. एका रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, साडेतीन हजार टनांहून अधिक कोळसा जातो, आणि वीज केंद्राला तो रोज लागतो. अडचण येते ती दहा-वीस टनांच्या मालाची, कारण रेक भरण्याइतका माल एका वेळी एकाच ठिकाणी जायचा असेल तरच रेल्वेचा दर हाती लागतो.

निर्यातदारांसाठी मधला मार्ग म्हणजे इनलँड कंटेनर डेपो. सीमाशुल्काची तपासणी आणि सील नागपूर परिसरातच होते, मग कंटेनर रेल्वेने जवाहरलाल नेहरू बंदरात जातो. इथे बिघडते ते वेळेचे गणित. गाडी पुरेशी भरेपर्यंत थांबली आणि बंदरातली जहाजाची मुदत चुकली, की माल पुढच्या जहाजापर्यंत पडून राहतो आणि जागेचे भाडे चढते. सीलचा नंबर कागदाशी जुळला नाही तरी तीच गत. म्हणून जाणते निर्यातदार मुदतीच्या बरेच दिवस आधी कंटेनर डेपोत पोचवतात. उशीर झालाच तर 701 किमीच्या समृद्धी महामार्गाने ट्रक सोडतात.

विमानाने पाठवताना वजनापेक्षा आकारमान महाग पडते. 60 × 50 × 40 सेंमीच्या खोक्याचे घनफळ 6,000 या ठरलेल्या आकड्याने भागले की 20 किलो येतात. आत 8 किलोच माल असला तरी भाडे 20 किलोचे लागते. औषधे आणि तातडीचे सुटे भाग यांनाच ते झेपते.

बहुराष्ट्रीय कंपन्या बहुधा वर्षाचा दरकरार करतात. डिझेलचे दर बदलले की भाडे किती बदलायचे, हेही त्यात लिहिलेले असते. निर्यात एफओबी अटीवर (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) असेल तर जहाज परदेशी खरेदीदार ठरवतो. विक्रेत्याच्या हाती फक्त बंदरापर्यंतचा टप्पा उरतो. देशी व्यापारी हुंडेकऱ्याला (माल वाहून नेण्याचे काम घेणाऱ्याला) फोन करून त्या दिवसाचा भाव घेतो. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) 'टू पे' असेल तर भाडे माल घेणारा देतो, त्यामुळे गाडी कोणाची हेही पुष्कळदा तोच सांगतो. या पद्धतीत परतीच्या मालाची गाडी मिळाली तर भाडे बरेच उतरते, पण संत्र्याच्या हंगामात गाड्यांची मागणी वाढली की तोच भाव चढतो. पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत पाठवला तर, माल वाटेतल्या गुदामात उतरवून पुन्हा भरला जातो. फूटतूट बहुतेक तिथेच होते. काच, टाइल्स किंवा पॅनेल पाठवणाऱ्याने गाडी अर्धी रिकामी गेली तरी पूर्ण गाडीच करावी.