सस्पेन्शन लिफ्ट किट (छोटी ऑफ-रोड वाहने)

सस्पेन्शन लिफ्ट किट हा गाडीची चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर वाढवणारा सुट्या भागांचा संच होय. जास्त उंचीच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअब्सॉर्बर आणि उंची वाढल्यामुळे बिघडलेले कोन पुन्हा जागेवर आणणारे भाग, असे त्याचे तीन घटक असतात. बाजारात पुष्कळदा पहिले दोनच घटक किट म्हणून विकले जातात. लिफ्टनंतर जी गाडी रस्त्यावर सरळ धावत नाही, तिच्यात बहुतेक वेळा तिसरा घटक गाळलेला सापडतो.

ठाणे आणि नवी मुंबईत हे काम मुख्यतः मारुती सुझुकी जिम्नी (भारतात विक्री जून २०२३ पासून), तिच्या आधीची जिप्सी आणि महिंद्रा थार या गाड्यांवर होते. इथल्या गाडीला दुहेरी आयुष्य असते. आठवड्याचे पाच दिवस ठाणे-बेलापूर रस्ता किंवा घोडबंदर रोड, आणि सुटीच्या दिवशी मुरबाड-शहापूरकडच्या, माळशेजच्या पायथ्याच्या चिखलवाटा. अशा वापराला ४० ते ५० मिमी लिफ्ट पुरते. त्यापुढची प्रत्येक १० मिमी उंची नवे भाग मागते आणि पावसाळ्यातल्या ओल्या हायवेवरचा भरवसा कमी करते. पुढील वर्णन मुख्यतः जिम्नीला धरून आहे.

नेमके काय उंचावते

जिम्नीला पुढे-मागे अखंड (डावे-उजवे चाक एकाच तुळईने जोडणारे) अ‍ॅक्सल आहेत. स्प्रिंग बदलल्याने चॅसी, बंपर, पेट्रोल टाकी आणि ट्रान्सफर केस (फोर व्हीलची गिअरपेटी) वर जातात. डिफरन्शियलचा (थोडक्यात डिफ, दोन चाकांमधली गिअरपेटी) गोळा मात्र जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहतो. कंपनीने सांगितलेला २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स डिफखाली वाढवायचा तर टायरच मोठा लागतो. मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३.५ मिमी होतो, म्हणजे डिफखाली जेमतेम ५ मिमी मिळतात. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३.५ मिमी आणि मिळकत २० मिमी. पण स्पीडोमीटर ८० दाखवत असताना खरा वेग ८५ च्या जवळ असतो आणि मोठे चाक फिरवताना इंजिनाची ओढ कमी वाटते. दगडावर डिफ आपटतो म्हणून केवळ स्प्रिंगा बदलणाऱ्याचा पैसा चुकीच्या जागी जातो.

स्प्रिंग लिफ्टचा खरा फायदा पोटाला होतो. भारतात मिळणाऱ्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे, तीन दारांच्या गाडीपेक्षा ३४० मिमी जास्त. त्यामुळे तिचा रॅम्पओव्हर कोन (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंशांवर थांबतो आणि बांध ओलांडताना पोट टेकते. ५० मिमी लिफ्टने हा कोन हिशेबाने २८ अंशांच्या आसपास जातो. पुढच्या बाजूचा ३६ अंशांचा अप्रोच कोन (बंपर न टेकता चढता येणारा चढ) मुळातच चांगला असल्याने तिथला फरक कमी जाणवतो.

उंचीमुळे बिघडणारे कोन

पहिला बिघाड कॅस्टरचा, म्हणजे बाजूने पाहताना चाकाच्या वळण्याच्या अक्षाला असलेल्या मागच्या कलाचा. पुढचा अ‍ॅक्सल दोन लीडिंग आर्मनी (लांब दांड्यांनी) चॅसीला जोडलेला असतो आणि या आर्मची चॅसीकडची टोके अ‍ॅक्सलच्या मागे असतात. चॅसी वर गेली की आर्म तिरपे होतात आणि अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो. आर्मची लांबी ७०० मिमी धरली तर ५० मिमी लिफ्टने हा झुकाव सुमारे ४ अंश होतो, आणि तितकाच कॅस्टर कमी होतो. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टीअरिंग आपसूक मध्यावर येत नाही, ते पोकळ आणि हलके लागते, गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवी भटकते. यावर उपाय म्हणजे आर्मच्या अ‍ॅक्सलकडच्या टोकाला बसणारे विकेंद्री कॅस्टर बुश (भोक मध्याबाहेर असलेल्या रबरी नळ्या), चॅसीकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा कोन सुधारून बनवलेले नवे आर्म. बुश सर्वांत स्वस्त, पण ते प्रेसवर अचूक दिशेने बसवावे लागतात. उलटे बसले तर उरलासुरला कॅस्टरही जातो. ब्रॅकेट दगडात अडकतात. खर्च परवडत असेल तर आर्म हाच चांगला मार्ग.

कॅस्टर दुरुस्त करतानाही मर्यादा पाळावी लागते. अ‍ॅक्सलचा वरचा भाग मागे फिरवला की त्याच केसिंगला असलेले पिनियनचे (शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचे) तोंड खाली वळते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरचा कोन वाढतो. फोर व्हीलमध्ये टाकल्यावरच येणारी थरथर इथून येते. ५० मिमीपर्यंत दोन्हींचा मेळ बसतो. त्यापुढे एक साधताना दुसरे सुटते.

दुसरा बिघाड लॅटरल रॉडचा, ज्याला पॅनहार्ड रॉड असेही म्हणतात. याचे एक टोक चॅसीला आणि दुसरे अ‍ॅक्सलला असते. चॅसी वर गेली की रॉड अधिक तिरपा होतो आणि ज्या बाजूला त्याचे चॅसीवरचे टोक आहे, त्या बाजूला अ‍ॅक्सल काही मिलिमीटर ओढला जातो. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल विरुद्ध बाजूंना सरकला तर चाके एका मागावर चालत नाहीत. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड हा यावरचा सरळ उपाय. खालचे टोक वर घेणारे ब्रॅकेट पुढच्या अ‍ॅक्सलवर विचार करूनच लावावे, कारण तिथे रॉड आणि स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर असावे लागतात. समांतरपणा बिघडला की प्रत्येक खड्ड्याला स्टीअरिंग हिसका देते.

तिसरी गोष्ट शॉकअब्सॉर्बरच्या लांबीची. मूळ शॉक ठेवून उंच स्प्रिंगा घातल्या तर चाक खाली सुटायला जागाच राहत नाही आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना टक्क आवाज येतो. लांब शॉक आणि आखूड स्प्रिंग अशी जोडी केली तर चाक पूर्ण लोंबकळताना स्प्रिंग बैठकीतून सुटते. नव्या शॉकची मिटलेली लांबी जुन्यापेक्षा २० मिमी जास्त असेल तर बंप स्टॉपही (चाकाची वरची हालचाल थांबवणारे रबर) निदान २० मिमी खाली आणावा लागतो. नाहीतर मोठ्या धक्क्याला बंप स्टॉपच्या आधी शॉकच तळाला लागतो, आणि त्याचा रॉड वाकतो किंवा सील फुटते. दोन्ही लांब्या टेपने मोजून घ्याव्यात, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. स्प्रिंग निवडताना गाडीवर कायम राहणारे वजन धरावे: स्टील बंपर आणि विंच नसताना जड स्प्रिंग घेतली तर रिकामी गाडी उड्या मारते.

बसवण्याची पद्धत

अनुभवी दोघांना पूर्ण दिवस लागतो. कामाच्या आदल्या रात्री शॉकच्या खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार पावसाळे खाल्लेल्या गाडीत बोल्ट बुशच्या आतल्या नळीला धरून बसतो, आणि जोर लावला की बोल्टच तुटतो.

गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहावी. अलाइनमेंटचे आधीचे छापील रीडिंगही जवळ ठेवावे. गाडी जमिनीवर असतानाच लॅटरल रॉड आणि आर्मचे बोल्ट एक-एक आटा सैल करावेत. मग चॅसीखाली दोन घोड्या (आधाराचे स्टँड) लावून, अ‍ॅक्सलला जॅकचा आधार देऊन चाके काढावीत. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. अँटी-रोल बारची लिंक, लॅटरल रॉडचे एक टोक आणि शॉकची खालची टोके सोडवून, ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरी त्यांच्या क्लिपांतून मोकळ्या केल्यावर अ‍ॅक्सल हळूहळू खाली घ्यावा. एकाची नजर सतत ब्रेक होज आणि डिफच्या ब्रीदर (हवा ये-जा होणाऱ्या) नळीवर असावी. अ‍ॅक्सल पुरेसा खाली आला की स्प्रिंग हाताने निघते. स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर सहसा लागत नाही.

नवी स्प्रिंग बसवताना वरचे रबर शाबूत आहे का ते पाहावे आणि खालच्या वेटोळ्याचे टोक बैठकीच्या पायरीला टेकवावे. टोक पायरीवर चढून राहिले तर ती बाजू उंच दिसते, आणि पहिल्याच खड्ड्यानंतर स्प्रिंग फिरून उंची बदलते. डाव्या-उजव्या स्प्रिंगांवर वेगळ्या खुणा असतील तर त्या अदलाबदल करू नयेत.

सगळे जुळवून झाले की चाके लावून गाडी जमिनीवर घ्यावी, पुढे-मागे थोडी हलवावी, बंपर दाबून सस्पेन्शन बसू द्यावे, आणि त्यानंतरच आर्म, लॅटरल रॉड आणि शॉकच्या रबरी बुशचे बोल्ट टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळावेत. ही पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते. चाके लोंबकळत असताना बुश आवळले तर रबर त्या स्थितीत धरले जाते, जमिनीवर आल्यावर कायम पिळलेले राहते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. चाकांचे नट १०० न्यूटन-मीटरला.

यानंतर एक पुढचे आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक ठोकळ्यांवर चढवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक होज, एबीएस वायर आणि टायर तपासावेत. होज ताणून सरळ झालेला दिसला तर लांब होज घालून ब्रेक ब्लीड करणे (त्यातली हवा काढणे) भाग आहे. क्लिप काढून थोडी ढील मिळवणे हा फार तर ४० मिमीपर्यंतचा उपाय.

अलाइनमेंट आणि पुढच्या तक्रारी

अखंड अ‍ॅक्सलवर फक्त टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळली आहेत तो कोन) बदलता येतो, म्हणून बरेच अलाइनमेंटवाले तेवढेच करून गाडी परत देतात. कॅस्टरचे रीडिंग मागून घ्यावे आणि आधीच्या कागदाशी ताडून पाहावे. स्टीअरिंग तिरके झाले असेल तर ड्रॅग लिंकची लांबी बदलून मध्यावर आणावे. स्टीअरिंग व्हील उपटून सरळ बसवणे चूक आहे, कारण कोनाचा सेन्सर तसाच चुकीचा राहतो, ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून चाकांना आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) गाडी वळते आहे असे वाटते आणि सरळ रस्त्यावर एखादे चाक ब्रेक धरते. हेडलाइटचा झोतही खाली घ्यावा. उंचावलेल्या गाडीचा झोत घोडबंदरच्या घाटात समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो.

६० ते ८० च्या वेगात पुढची चाके अचानक जोराने थरथरू लागली तर आधी टायरचे बॅलन्सिंग, मग लॅटरल रॉडचे बुश, किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती खीळ) बेअरिंगचा ढिलेपणा आणि शेवटी कॅस्टर तपासावा. जाड स्टीअरिंग डॅम्पर लावल्याने थरथर दबते, पण ढिला भाग ढिलाच राहतो.

जिप्सीचे काम वेगळे, कारण तिथे कमानी पाटे आहेत. जास्तीचा पाटा, लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला टांगणारी पट्टी) किंवा अ‍ॅक्सलच्या वर पाटे घेणे हे प्रचलित मार्ग. पुढच्या लांब शॅकलमुळे कॅस्टर बदलतो, तो पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात पाचर घालून सावरतात. एकदा काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने तिथे अडचण येते ती सीव्ही जॉइंटच्या (चाकाकडे ताकद नेणाऱ्या वळत्या सांध्याच्या) कोनाची आणि त्यावरच्या फाटणाऱ्या रबरी बुटांची.

कायदा आणि पार्किंग

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या रचनेत त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम हाती घेण्याआधी, एमएच ०४ ची गाडी असो वा एमएच ४३ ची, आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. सस्पेन्शनवरची वॉरंटीही धोक्यात येते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. लिफ्ट केलेली गाडी तिथे रस्ता सोडून नेऊन तपासायची नसते.

मूळ जिम्नीची उंची १७२० मिमी. लिफ्ट, टायर आणि रूफ रॅक मिळून ती सहज १८५० च्या पुढे जाते, तेव्हा सोसायटीच्या स्टॅक पार्किंगच्या पट्टीवरची मर्यादा आधी वाचावी. पहिल्या ५०० आणि १००० किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून हबपासूनची उंची परत मोजावी. नव्या स्प्रिंगा तोवर थोड्या बसलेल्या असतात, आणि टो व हेडलाइट त्या उंचीलाच अखेरचे लावायचे असतात.