कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका

जुन्या व्हिडिओ गेमच्या संमेलनात गेम सुरू झाला नाही, की कुणीतरी कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली प्लास्टिकची डबी, यंत्रातून काढून फुंकर मारतंच. धूळ उडाली म्हणून गेम चालला, हा समज जुना आहे, पण चुकीचा. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या कन्सोलमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात, कार्ट्रिज जिथं बसतं तिथं ७२ पिनांचा कनेक्टर होता. वापरून वापरून त्याची पकड सैल होते. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलं की पिना नव्यानं टेकतात, आणि श्रेय फुंकरीला मिळतं. श्वासातल्या ओलाव्यानं मात्र धातू गंजतो. खुद्द निन्टेंडोनंही फुंकू नका असंच सांगितलंय. विकत घेताना कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेली धातूची पट्टी उजेडात धरून बघा. मळकट दिसली तर घरी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कन्सोलमध्ये घालू नका.