भडकाऊ आणि खोट्या मेसेजची तक्रार सोलापुरात कशी करायची, आणि ती अडते कुठे

गेल्या महिन्यात पूर्व भागातले एक काका तीन रंगीत प्रिंट घेऊन आमच्याकडे आले. आयुष्यभर यंत्रमाग चालवलेला माणूस. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या समाजाबद्दल कुणीतरी धडधडीत खोटा आणि चिथावणारा मजकूर टाकला होता. काका घाबरले होते आणि पोलीस ठाण्यातून हात हलवत परत आले होते. मी प्रिंट बघितल्या. पाठवणाऱ्याच्या जागी ‘बाळू टेलर’, कारण काकांनी नंबर त्या नावाने सेव्ह केलेला. तारखेच्या जागी नुसतं ‘आज’. झेरॉक्सवाल्याने पान बसवताना कडेचा भाग कापलेला, त्यात वेळ गेली. आणि संतापाच्या भरात काकांनी ग्रुप सोडून सगळं चॅट डिलीट केलं होतं.

कोणी पाठवलं, कधी पाठवलं, कुठे पाठवलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या कागदांत नव्हतं. बहुतेक तक्रारी इथेच मरतात. म्हणून आधी पुराव्याचं सांगते, कलमं आणि अर्ज नंतर.

फोन हाच पुरावा, प्रिंट नव्हे

मेसेज आला की पहिलं काम म्हणजे काहीही डिलीट न करणं. ग्रुपही लगेच सोडू नका. ‘रिपोर्ट’ करणार असाल तर जरा थांबा: रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट काढून टाकायचा पर्यायही समोर येतो, आणि घाईत तो दाबला की पुरावा तुमच्याच हाताने गेला. ग्रुपवर ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर मेसेज २४ तासांतही नाहीसा होऊ शकतो, तिथे मात्र लगेच हात चालवा.

स्क्रीनशॉट घ्या, पण एक नको. मेसेजचा एक, त्याच्यावरची ‘फॉरवर्डेड’ची खूण दिसेल असा. पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलचा एक, ज्यात पूर्ण मोबाइल नंबर दिसतो. ग्रुपच्या माहितीचा एक, ज्यात ग्रुपचं नाव आणि ॲडमिन दिसतात. तारीख ‘आज’ किंवा ‘काल’ अशी दिसत असेल तर अर्जात खरी तारीख आणि वेळ अक्षरात लिहा. त्यानंतर ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून मीडियासह प्रत काढून ठेवा.

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब असेल तर लिंक हवी. ‘अमुक नावाच्या प्रोफाइलवर आहे’ एवढ्यावर काही होत नाही, नाव तासाभरात बदलता येतं. पोस्टची लिंक आणि प्रोफाइलची लिंक, दोन्ही. व्हिडिओ लांब असेल तर कितव्या मिनिटाला काय म्हटलंय ते लिहा. पाऊण तासाचं भाषण ऐकून नेमकं वाक्य शोधायला ठाणे अंमलदाराकडे वेळ नसतो.

सोलापुरात आणखी एक अडचण येते. क्लिप तेलुगूत असते, कन्नडमध्ये असते, उर्दूत असते, आणि अर्ज मराठीत. ‘आक्षेपार्ह बोलले आहेत’ असं लिहून चालत नाही. मूळ शब्द जसेच्या तसे लिहा, शेजारी त्यांचा मराठी अर्थ लिहा. ज्या भाषेचा तुम्हाला नीट सराव नाही तिचा अंदाजाने अर्थ लावू नका. भाषा येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून क्लिप ऐका.

आणि तो मेसेज ‘बघा लोक काय पाठवतायत’ म्हणून दहा ग्रुपवर टाकू नका. लोक हे चांगल्या मनाने करतात, मला माहीत आहे. पण मग अफवा तुमच्या नंबरवरूनही पसरते, आणि तपासात तुमचंही नाव येतं.

तक्रार कोण करू शकतं, कशाची करू शकतं

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणीही देऊ शकतं. ‘तुमचा काय संबंध, तुम्ही त्या समाजाचे आहात का’ असं कुणी विचारलं तर शांतपणे सांगा की कायद्यात अशी अट नाही. वेगवेगळ्या समाजांत शत्रुत्व निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं कलम २९९ खाली, खोटी माहिती आणि अफवा पसरवणं कलम ३५३ खाली. द्वेषपूर्ण भाषणाबाबत कुणाच्या तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिलेला आहे.

पण प्रत्येक खोटा मेसेज गुन्हा नसतो. लिंबूपाण्याने कर्करोग बरा होतो हे खोटं आहे, तरी ते १९६ मध्ये बसत नाही. सरकारवरची टीका, कितीही झोंबरी असो, द्वेष पसरवणं नव्हे. मजकुरात कोणता समाज आहे, त्याच्याविरुद्ध काय करायला सांगितलंय, आणि त्यामुळे तुमच्या भागात काय होऊ शकतं किंवा झालं, हे तीन मुद्दे अर्जात स्पष्ट हवेत. पत्रात नुसतं ‘समाजात तेढ निर्माण होत आहे’ असं असेल तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

दोन चुका हमखास दिसतात. एक, आयटी कायद्याचं कलम ६६अ. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, तरी जुन्या नमुन्यांवरून अर्जात अजून उतरवलं जातं. ते खोडून टाका. दुसरी, ग्रुप ॲडमिनवर गुन्हा नोंदवण्याची मागणी. सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याचा त्यात हात असल्याचं तुम्हाला दिसत असेल तर तसं लिहा, नाहीतर ज्याने टाकलं त्याच्यापुरतं लिहा.

अफवेचं कलम, आणि रैनपाडा

कलम ३५३ चे दोन भाग नीट समजून घ्या. धर्म, जात, भाषा यांवरून द्वेष वाढवण्याच्या हेतूने खोटी माहिती पसरवली तर तो पोटकलम २ चा गुन्हा, दखलपात्र. लोकांत घबराट पसरवण्याच्या हेतूने अफवा पसरवली तर पोटकलम १, आणि तो अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एन.सी. (नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा मेसेज बहुतेक वेळा या पहिल्या भागात जातो.

हे मला आजही पटत नाही, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाच पटू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या रैनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारे समजून. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं आपल्या मंगळवेढा तालुक्याकडची होती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या ‘मुलं पळवण्याच्या’ व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता, शेवटचं ‘हे जनजागृतीसाठी आहे’ हे सांगणारं दृश्य काढून टाकलेलं. मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणि एका वेळी पाचच चॅटला पाठवायची मर्यादा भारतात त्याच महिन्यात आली.

म्हणून अशी अफवा आली आणि चौकात माणसं जमू लागली, कुणी अनोळखी फेरीवाल्याला अडवलं, तर अर्ज लिहीत बसू नका. ११२ लावा. ठिकाण सांगा, किती लोक आहेत ते सांगा.

अर्ज कुठे आणि कोणत्या नावाने

शहरात राहत असाल तर तुमच्या हद्दीचं पोलीस ठाणं आणि आयुक्तालयाचा सायबर विभाग, तालुक्यात असाल तर सोलापूर ग्रामीण. अक्कलकोट रोड, विजापूर रोड अशा शहराच्या कडेच्या वस्त्यांत हद्दीचा घोळ होतो आणि माणूस दोन ठाण्यांच्या मध्ये हेलपाटे घालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच.

१९३० या नंबरवर हे सांगून उपयोग नाही, तो पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, पण तिथून मिळणारा पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. पीआयबी फॅक्ट चेककडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तपासणी विभागाकडे, फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासले जातात, गल्लीतल्या अफवेचं उत्तर तिथून येणार नाही.

आता अर्जाचं नाव. वरती ‘निवेदन’ लिहू नका. पाच जण मिळून साहेबांना निवेदन देतात, फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि दोन महिन्यांनी विचारतात की गुन्हा का दाखल झाला नाही. निवेदन फाइलला लागतं. तुम्हाला गुन्हा नोंदवून हवा आहे, तर विषयात तसंच लिहा: ‘कलम १९६ व ३५३(२) अन्वये गुन्हा नोंदवण्याबाबत तक्रार’. कलमाबद्दल खात्री नसेल तर कलम न लिहिता घटना लिहा, कलम लावणं पोलिसांचं काम आहे. स्टॅम्पपेपर लागत नाही. आधार कार्डाची प्रत आणि दोन प्रतींत अर्ज, बस्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

ई-मेलनेही खबर देता येते. पण ३ दिवसांत स्वतः जाऊन त्यावर सही करावी लागते, तरच ती नोंदीवर घेतली जाते. हे ३ दिवस पोलिसांनी उत्तर द्यायचे आहेत असा अनेकांचा समज असतो. एक ताई मेल करून पंधरा दिवस उत्तराची वाट बघत बसल्या. मुदत त्यांच्यासाठी होती.

दुसरी गैरसमजाची मुदत १४ दिवसांची. ३ वर्षे किंवा जास्त, पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, ती १४ दिवसांत संपवायची असते. ‘चौकशी चालू आहे’ असं महिनाभर ऐकू येत असेल तर परवानगी कोणत्या तारखेची आहे ते लेखी विचारा.

जो कागद कुणाकडेच नसतो

तो म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, जुन्या ६५ब च्या जागी आलेलं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा धीर हे नाव ऐकूनच सुटतो. हे प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना लागतं. गुन्हा नोंदवायला ते लागत नाही. कुणी त्यावरून परत पाठवलं तर अर्जावरच ‘प्रमाणपत्र नसल्याने तक्रार स्वीकारली नाही’ असा शेरा मागा. बहुतेक वेळा शेरा मिळत नाही, अर्ज घेतला जातो.

त्याचे दोन भाग असतात. ‘अ’ तुम्ही भरायचा: फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय नंबर (डायल पॅडवर *#०६# दाबलं की दिसतो) आणि फाइलची हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. व्हिडिओ एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा, तो तुम्ही आणणं अपेक्षित नाही, तपासात त्याची सोय होते. मूळ फोनच मालकाने स्वतः न्यायालयात हजर करून शपथेवर सांगितलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. तो निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यातला.

पोलीस फोन जमा करून घेतील ही भीती खरी आहे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती परवडत नाही हेही खरं. फोन द्यावाच लागला तर पंचनाम्यात आयएमईआय लिहिला आहे ना ते बघा, प्रत मागा, आणि फोन परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो हे लक्षात ठेवा.

नकार मिळाला तर

तक्रारीचा सारांश लिहून स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा: ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्तालय. पोस्टाची पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे, इथे मात्र प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. आधी वरिष्ठांकडे न जाता थेट कोर्टात गेलेले अर्ज याच कारणावरून परत येतात. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. हेल्पलाइन १५१००.

मजकूर काढून टाकायचा असेल तर तो रस्ता वेगळा: त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिंकसह तक्रार, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. हे ३० दिवस उत्तर मिळाल्यापासून मोजायचे, पोस्ट पडल्यापासून नव्हे. फक्त आधी पुरावा पोलिसांकडे जाऊ द्या.

गुन्हा नोंदवल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पुढे शांतता पसरते ती वेगळ्या कारणाने: कलम १९६ किंवा २९९ च्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि फाइल मंत्रालयात पडून राहते. ‘केसचं काय झालं’ असं तोंडी विचारत फिरण्यापेक्षा मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला हे लेखी विचारा, माहिती अधिकारातही विचारता येतं. यात वर्ष जातं, कधी जास्तही. तोवर तो फोन दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका. नवा घेतलात तरी जुना बंद करून, चार्जरसकट, कपाटात ठेवा.