हब घेतला तरी मॉनिटर काळाच: यूएसबी-सी हब आणि थंडरबोल्ट डॉक यांतला खरा फरक

नवा लॅपटॉप घरी येतो. त्याच्या कडेला दोन चपटे यूएसबी-सी पोर्ट, आणि घरातलं बाकी सगळं जुन्या यूएसबी-एचं: प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह, रिटर्न भरायला लागणारं डिजिटल सहीचं टोकन. मॉनिटर एचडीएमआयचा. मग लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर तापकीर गल्लीतून ‘सेव्हन इन वन’ हब, म्हणजे एका पोर्टचे सात पोर्ट करणारी डबी, आणला जातो. माउस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ म्हणतो. मग मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “हब खराब निघाला.” बहुतेक वेळा हब खराब नसतो. काहीजण तो परत करून तिप्पट पैशांचा ‘डॉक’ आणतात आणि मॉनिटर तरीही काळाच राहतो. तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण दुकानात जाण्याआधीच्या पाच मिनिटांत हे टाळता आलं असतं.

आधी शब्द नीट करू. दुकानात केबलला लटकणारा तो हब आणि टेबलावर ठेवायचा जाडजूड तो डॉक, अशी वाटणी चालते. ही वाटणी आकाराची आहे आणि खरेदीच्या वेळी तिचा काडीचाही उपयोग नाही. इथे मी हब म्हणतो तो साध्या यूएसबी-सीवर चालणारा, मग त्याला चौदा पोर्ट असोत की तीन. आणि डॉक म्हणतो तो थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ वर, म्हणजे त्याच तोंडातून जाणाऱ्या जास्त वेगवान जोडणीवर चालणारा. फरक आत आहे, डबीच्या आकारात नाही.

छोट्या गोष्टी झटकन उरकतो. माउस, कीबोर्ड, प्रिंटर, सहीचं टोकन, आधारचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र यांना साधा सी-ते-ए अ‍ॅडॅप्टर पुरतो. डॉकचा विचारही करू नका. इंटरनेटच्या तारेसाठी गिगाबिटचा अ‍ॅडॅप्टर कुठल्याही यूएसबी ३ पोर्टवर चालतो. हेडफोनसाठी मात्र आत डिजिटल-ते-अ‍ॅनालॉग चिप असलेलाच अ‍ॅडॅप्टर घ्या. चिप नसलेले स्वस्त अ‍ॅडॅप्टर काही फोनवर चालतात, लॅपटॉपवर बहुधा मुके राहतात. आणि वायरलेस माउसचं बोंडुक हबमध्ये हार्डडिस्कच्या शेजारी खुपसू नका. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो (इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे) आणि माउस अडखळायला लागतो. लोक माउस बदलतात. बदलायची असते जागा.

आता मुख्य गोष्ट. यूएसबी-सी हे फक्त तोंडाचं नाव आहे. २०१४ मध्ये ठरलेलं, २४ पिनांचं, उलटंसुलटं कसंही बसणारं तोंड. त्या तोंडातून आत काय वाहतं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. एका लॅपटॉपच्या यूएसबी-सीतून फक्त डेटा येतो. दुसऱ्याच्या त्याच दिसणाऱ्या पोर्टमधून डेटा, चार्जिंग आणि चित्र तिन्ही येतात. तिसऱ्याच्या पोर्टमधून थंडरबोल्ट येतो. कधीकधी तर एकाच लॅपटॉपच्या दोन पोर्टांत हा फरक असतो.

साध्या हबमध्ये चित्र तयार करणारं काहीही नसतं. त्याच्या एचडीएमआयमागे एक छोटी चिप असते, आणि ती लॅपटॉपकडून आलेला डिस्प्लेपोर्टचा (एचडीएमआयसारखीच चित्र पाठवण्याची दुसरी पद्धत) सिग्नल एचडीएमआयच्या भाषेत बदलते, एवढंच. लॅपटॉपने तो सिग्नल यूएसबी-सीतून सोडण्याच्या सोयीला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. तुमच्या पोर्टमध्ये ती सोय नसेल, तर चिपला बदलायला काहीच मिळत नाही. पाटालाच पाणी नसेल तर दारं धरणारा कितीही हुशार असो, वाफा कोरडाच राहतो. दुप्पट किमतीचा हब आणून हे पाणी येत नाही. “पेनड्राइव्ह चालला, म्हणजे पोर्ट ठीक आहे” हा युक्तिवादही इथे लागू नाही. पेनड्राइव्ह डेटाच्या वाटेने गेला, चित्राची वाट वेगळी आहे.

याच गोंधळाचं सर्वांत त्रासदायक रूप म्हणजे यूएसबी-सी हबला सी-ते-ए अ‍ॅडॅप्टर लावून तो जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी-एमध्ये घालणं. माउस चालतो, म्हणून आशा वाढते. पण यूएसबी-एच्या तोंडात डिस्प्लेपोर्टसाठी वाटच नाही. असा अ‍ॅडॅप्टर विकणाऱ्याने हे सांगायला हवं. सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

ऑल्ट मोड आहे म्हणजे काम झालं असंही नाही, कारण पुढचा प्रश्न वाटणीचा आहे. यूएसबी-सीच्या तोंडात वेगवान वाहतुकीसाठी चार वाटा आहेत. साधा हब त्यांची दोनच प्रकारे वाटणी करू शकतो. दोन वाटा चित्राला आणि दोन यूएसबी ३ ला; किंवा चारही चित्राला, आणि मग यूएसबीसाठी उरते फक्त जुन्या यूएसबी २ ची बारीक जोडी.

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, हा हिशेब सुमारे १२ गिगाबिटवर जातो. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या दोन वाटांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिटच जातात. म्हणून मॉनिटर ६० ऐवजी ३० हर्ट्झवर उतरतो आणि माउसचा बाण पडद्यावर ओढल्यासारखा चालतो. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर त्याच दोन वाटांतून १२.९६ गिगाबिट जातात, आणि ४के ६० हर्ट्झ जेमतेम बसतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ छापून ‘३० हर्ट्झ’ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत टाकण्याची जी पद्धत आहे तिचा मला मनापासून राग आहे. ३० हर्ट्झवर दिवसभर काम केलेल्या माणसाचे डोळे संध्याकाळी सांगतात की हा तपशील बारीक नाही.

दुसऱ्या वाटणीची किंमतही बघा. जुन्या लॅपटॉपवर हबने ४के ६० हर्ट्झ दिलं, म्हणजे चारही वाटा चित्राने खाल्ल्या. आता त्याच हबला एसएसडी लावून लग्नाचं १०० जीबी चित्रीकरण उतरवायला घ्या. यूएसबी २ चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, हातात सेकंदाला ४० एमबीच्या आसपास. म्हणजे चाळीस मिनिटं. यूएसबी ३ वर हेच काम पाचेक मिनिटांत आटोपतं. माझ्या ओळखीचा एक छायाचित्रकार या कारणाने एसएसडी बदलून आला होता, आणि नव्या एसएसडीचाही वेग तोच.

डॉक वेगळा पडतो तो इथे. थंडरबोल्ट चार वाटांची अशी कायमची फाळणी करत नाही. चित्र, यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेस (लॅपटॉपच्या आतले भाग जोडणारी वेगवान वाट) या सगळ्यांच्या पुड्या बांधून तो एकाच मोठ्या वाटेने पाठवतो आणि पलीकडे डॉकमध्ये त्या सोडतो. थंडरबोल्ट ३ आणि ४ मध्ये ही वाट दोन्ही दिशांना ४० गिगाबिटची आहे, २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ मध्ये ८० ची. म्हणून एकाच केबलवर दोन ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर आणि जोडीला वेगवान एसएसडी चालू शकते. थंडरबोल्ट ४ चा शिक्का मिळवायला लॅपटॉपने दोन ४के मॉनिटर चालवणं बंधनकारकच आहे. शिक्क्याच्या मागे किमान काय मिळणार हे लिहिलेलं असणं ही मला या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. उलट एकाच ५ गिगाबिटच्या यूएसबीला आधी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १ अशी तीन नावं देणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

पण डॉकलाही तीच अट आहे: लॅपटॉपच्या पोर्टमधून थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ यायला हवं. नसेल, तर पहिल्या पिढीचे काही थंडरबोल्ट ३ डॉक अजिबात जागे होत नाहीत. थंडरबोल्ट ४ चे डॉक जागे होतात, पण हबसारखेच वागतात. म्हणजे डॉकचे पैसे देऊन हब मिळतो.

मग पोर्ट ओळखायचा कसा? शेजारची खूण बघा. बाण असलेली वीज म्हणजे थंडरबोल्ट. ‘डी’च्या आत ‘पी’ असल्यासारखी खूण म्हणजे डिस्प्लेपोर्ट. नुसतं ‘एसएस’ असेल तर चित्राची आशा धरू नका. खूणच नसेल, आणि अनेकांवर नसते, तर कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीत पोर्टांची ओळ वाचा. नुसत्या मालिकेचं नाव पुरत नाही. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांचे पोर्ट वेगळे असतात.

मॅकवाल्यांसाठी वेगळी सूचना. दोन एचडीएमआय असलेले बरेचसे हब एकच सिग्नल दोन मॉनिटरांत विभागतात. विंडोजवर त्यातून दोन वेगळे पडदे मिळतात, मॅकवर दोन्हींवर एकच चित्र येतं. शिवाय एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. एम३ च्या एअरला झाकण बंद केल्यावर दोन, एम४ च्या एअरला झाकण उघडं ठेवून दोन. चिपची ही मर्यादा महागातला थंडरबोल्ट डॉकही ओलांडू शकत नाही.

डिस्प्लेलिंक नावाचा एक तिसरा मार्ग आहे. त्यात ड्रायव्हर चित्र दाबून साध्या यूएसबी डेटाच्या वाटेने पाठवतो आणि पलीकडची चिप ते उलगडते. त्यामुळे ऑल्ट मोड नसलेल्या पोर्टवर, अगदी यूएसबी-एवरही मॉनिटर लागतो. एक्सेल, ईमेल, टॅलीसाठी ठीक. पण प्रोसेसरवर भार पडतो, ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत केली की ड्रायव्हरही सांभाळावा लागतो, आणि मॅकवर कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेले चित्रपट काळे दिसतात. दुसरा उपाय नसेल तेव्हाच मी तो सुचवतो.

चार्जिंगचं थोडक्यात. हबवरचे ‘१०० वॅट’ म्हणजे तो जास्तीत जास्त किती घेऊ शकतो. स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट ठेवूनच तो पुढे देतो. ६५ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉपला पन्नासच्या आसपास पोचतात. डॉकला स्वतःचा वेगळा चार्जर असतो, म्हणून ही कटकट नाही. आणि ३.५ इंची जुनी हार्डडिस्क तिच्या स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवरच चालवा.

माझी स्वतःची पसंती स्पष्ट आहे. लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय असेल, तर मॉनिटर थेट तिथे लावा आणि उरलेल्या किडुकमिडुक गोष्टींसाठी साधा हब घ्या. मॉनिटर ४के पेक्षा कमी ठिपक्यांचा, म्हणजे १०८० किंवा १४४० चा असेल तर दोन वाटा भरपूर होतात. डॉकवर खर्च करू नका. डॉक घ्या तो दोन ४के मॉनिटर, रोज उठून लॅपटॉप लावणं-काढणं आणि थंडरबोल्टचा पोर्ट या तिन्ही गोष्टी जुळत असतील तेव्हाच.

आणि डॉकबरोबर आलेली केबल डॉकलाच राहू द्या. ड्रॉवरमधली चार्जरची पांढरी केबल तशीच दिसते, तशीच बसते, पण बहुतेकदा तिच्यात फक्त यूएसबी २ च्या तारा असतात. ती लावली की चार्जिंग सुरू होतं, मॉनिटर काळा राहतो, आणि पुन्हा फोन येतो की डॉक खराब निघाला.