शिसवीला स्वीडिशमध्ये काय म्हणायचं?

शिसवी पलंगाचं लाकूड इंग्रजीत 'रोझवूड'. स्वीडिशमध्ये नेमका त्याच घडणीचा शब्द आहे, 'रूसेनत्रॅ': रूसेन म्हणजे गुलाब, त्रॅ म्हणजे लाकूड. अनुवादक इथेच फसतो. स्वीडिश सुताराला रूसेनत्रॅ म्हटलं की आठवतं ते ब्राझीलचं फिकट, गुलाबी-तांबड्या पट्ट्यांचं लाकूड, ज्याला इंग्रज 'ट्यूलिपवूड' म्हणतात. स्वीडिश शब्द आला फ्रेंचांच्या 'ब्वा द रोज'वरून. पॅरिस आणि लंडनमध्ये काम करून १७६९ मध्ये स्टॉकहोमला परतलेल्या गेऑर्ग हाउप्ट या दरबारी कारागिराच्या कपाटांवर याच लाकडाचे पातळ पापुद्रे जडवलेले दिसतात. काळपट शिसवीशी त्याचा रंग जुळत नाही.

शिसवीच्या जातकुळीला स्वीडिशमध्ये 'जकारांडा' म्हणतात. हा शब्द मूळचा ब्राझीलच्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांनी युरोपात नेलेला. १९५०-६०च्या दशकांत स्कँडिनेव्हियात सागाच्या जोडीनं जकारांडाचं फर्निचर घरोघर गेलं आणि शब्द पक्का रुजला. आपल्याकडे मात्र जॅकरांडा म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचा नीलमोहर. त्या झाडाचा या लाकडाशी काही संबंध नाही. शिसव शेंगांच्या कुळातली, नीलमोहर टेटू या झाडाच्या कुळातला.

इतर नावं कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. एबनीचं 'एबेनहोल्ट्स' झालं. शेवटचं 'होल्ट्स' हा लाकडासाठीचा जर्मन शब्द. 'पोकेनहोल्ट्स'मध्ये तर रोगच बसलाय. सोळाव्या शतकात युरोपात उपदंशावर कॅरिबियन ग्वायाकम या झाडाच्या लाकडाचा काढा देत, म्हणून जर्मनांनी त्याला पुळ्यांच्या रोगाचं लाकूड म्हटलं. पाण्यात बुडण्याइतकं जड असलेलं हे लाकूड पुढे जहाजांच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून बसवत. इंग्रजी-लॅटिन 'लिग्नम व्हिटे', म्हणजे 'जीवनाचं लाकूड', शब्दशः स्वीडिशमध्ये नेलं तर ही सगळी कथाच पुसली जाते.

हा केवळ शब्दांचा हट्ट नाही. ब्राझीलचा जकारांडा, डालबर्गिया नायग्रा, १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. आपली शिसव, डालबर्गिया लॅटिफोलिया, २०१७ पासून दुसऱ्यात. नियम वेगळे, आणि स्वीडिश शब्द दोन्हीला एकच. म्हणून नुसतं 'जकारांडा' लिहून थांबणं मला चुकीचं वाटतं. आधी 'ईस्ट इंडियन' अर्थाचं विशेषण हवं आणि शेजारी लॅटिन नाव हवंच.

ते लॅटिन नाव तरी कुठलं? धाकट्या लिनियसनं, म्हणजे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसच्या मुलानं, डालबर्गिया हे नाव निल्स आणि कार्ल गुस्ताव डालबर्ग या स्वीडिश भावांवरून ठेवलं. सागाला टेक्टोना ग्रँडिस म्हणणाराही तोच.