एक मूळ कापलं तरी पाय चालतो

"मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो," हे ऐकून माझे कान किटले आहेत. या भीतीपायी शेजारच्या काकूंनी दोन वर्षं घालवली. रात्री आडवं पडलं की कंबर ठणकायची, म्हणून त्या आरामखुर्चीत बसून झोपायच्या. 'नस चढली' म्हणून चोळूनही घेतलं. चोळणाऱ्याची बोटं तिथवर पोचणारच नव्हती. एमआरआयमध्ये गाठ दिसली ती हाडाच्या आत, मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याखाली. या गाठीचं नाव श्वानोमा.

थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशी मज्जातंतूंवर वेष्टण गुंडाळतात, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं. अशा एखाद्या पेशीत २२व्या गुणसूत्रावरचं एनएफ२ जनुक निकामी झालं, की वाढीला लगाम घालणारं मर्लिन हे प्रथिन बनत नाही आणि पेशी विभागतच राहते.

गाठ वेष्टणाची आहे, तारेची नाही, आणि सगळी किमया इथेच आहे. बहुतेक तंतू गाठीच्या अंगावर पातळ पसरलेले असतात. आत शिरतो तो एखादाच धागा. सर्जन मणक्याची मागची कमान काढतात, पडदा उघडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या धाग्याला हलका विद्युतप्रवाह देतात. पायाचा स्नायू हलला नाही, तर धागा कापून गाठ अख्खी बाहेर! मज्जारज्जूतून मज्जातंतूचे जे फाटे निघतात, ती त्याची मुळं. हा धागा बहुधा संवेदना नेणाऱ्या मागच्या मुळाचा असतो. शिवाय त्वचेच्या प्रत्येक भागाला शेजारच्या मुळांचेही तंतू पोचतात, म्हणून एक मूळ गेलं तरी तो भाग पूर्ण बधिर होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने माकडांमध्ये मुळं कापून हे दाखवलं होतं. न्यूरोफायब्रोमा या मज्जातंतूच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीत मात्र तंतू गाठीतूनच विणलेले असतात, तिथे सोडवणं अवघड.

श्वानोमा पूर्ण निघाला तर तो सहसा परतत नाही. मणक्यांमधल्या छिद्रातून डंबेलसारखा बाहेर गेलेला, थोडा मागे ठेवावा लागलेला भाग मात्र वर्षांनी पुन्हा वाढू शकतो, म्हणून एमआरआय करत राहायचा. दुखणं लवकर थांबतं. पायाची ताकद आधीच गेली असेल तर ती सावकाश येते, कधी पूर्ण येतही नाही. म्हणूनच चोळण्यात गेलेल्या त्या दोन वर्षांचा मला राग येतो.

काकूंच्या मांडीवर तळहाताएवढा भाग अजून किंचित बधिर आहे. त्या आता पलंगावर आडव्या झोपतात.